पोटात गोळा, हातात लगाम

चाळिशीत घोड्यावर बसायला शिकले आणि दोन वर्षांत चार वर्षांची मारवाडी घोडी दारात आणून बांधली. हे दुसरं तुम्ही करू नका. तिलाही काही येत नाही आणि आपल्यालाही नाही, मग शिकवायचं कोणी? माझं नशीब की गावात घोडदळातून निवृत्त झालेले एक दफेदार काका होते. पहिले चार महिने घोडीवर तेच बसले, मी फक्त खरारा केला. भित्र्या स्वाराने हे चार महिने वाचवू नयेत.

ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला लयीत, ठरलेल्या आकृत्यांवर चालवायच्या खेळाचं वेड लागलं २०२३ मध्ये, हांगझोऊला भारताच्या चौघांनी सांघिक सुवर्ण आणलं तेव्हा. आशियाई खेळांत घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ नंतर पहिल्यांदाच! पण खरं सांगू, मला त्यातलं आवडलं ते वेगळंच: उड्या नाहीत. सगळं आखलेलं. मैदानाच्या कडेने खुणेची अक्षरं लावलेली असतात, आणि कुठल्या अक्षरापाशी काय करायचं हे आधीच ठरलेलं. घाबरट माणसाच्या डोक्याला काम मिळतं.

लहान मैदान २० बाय ४० मीटरचं. आमचं अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूत. कोपऱ्यांना काठ्या रोवून काथ्या ताणायचा आणि जाळ्याच्या फुटक्या बोयांवर कोळशाने अक्षरं लिहायची. वेळ काका कोळ्यांच्या हिशोबाने काढतात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला भरती तीनला, मग ओहोटी नवाच्या सुमारास. नवाला ऊन तापलेलं असतं आणि बनाना बोटवाले आलेले असतात. म्हणून आमचे दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे. तेव्हा ओहोटी पहाटे सहा-साडेसहाला असते आणि किनाराही लांबवर उघडा पडतो.

एकदा उशीर झाला. बोटीचं इंजिन फाटकन सुरू झालं आणि घोडी आडवी उडाली. मी घाबरलेला माणूस करतो तेच केलं: टाचा आवळल्या, लगाम ओढला. टाच म्हणजे ‘चल’, लगाम म्हणजे ‘थांब’. दोन्ही एकदम सांगितल्यावर जनावराने जायचं कुठे? ती गेली बाजूला, मी खाली. हेल्मेटचा पट्टा लावलेला होता म्हणून खांद्यावर निभावलं.

काका एवढंच म्हणाले, “ताई, तुम्ही श्वास कोंडलात तेव्हाच तिला कळलं.”

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी मला पाढे म्हणायला लावले, मोठ्याने. चालीत, म्हणजे वॉकमध्ये खुरांचे चार ठोके, म्हणून एक-दोन-तीन-चार. दुडकीत, म्हणजे ट्रॉटमध्ये दोन, म्हणून बे एके बे, बे दुणे चार. पाढा म्हणताना श्वास कोंडता येत नाही. शिवाय ठोका चुकला की पाढाच अडखळतो, म्हणजे लय बिघडल्याचं आपल्या कानाला कळतं. ड्रेसाजच्या शिक्षणात लयच पहिली. मग लवचीकपणा, मग लगामाचा हलका संपर्क. मान वाकवून ‘दिसायला छान’ करण्याची घाई करणाऱ्यांकडे बघूही नका.

वीस मीटरचं वर्तुळ ही माझी खरी शाळा. ए अक्षरापासून, म्हणजे आखूड बाजूच्या मध्यापासून निघायचं, डाव्या-उजव्या कडेला कोपऱ्यापासून दहा मीटरवर टेकायचं आणि मैदानाच्या मध्यातून जायचं. चारच जागा! उतरून खुरांचे ठसे बघितले तर वर्तुळ कुठलं, फणस होता. सुरूच्या बनाकडे, म्हणजे तबेल्याच्या बाजूला, दरवेळी फुगलेला. घोडी बाहेरच्या खांद्याने घराकडे निसटत होती आणि मी तिला आतल्या लगामाने ओढत होते. त्याने फक्त मान वळते, खांदा बाहेरच जातो. बाहेरचा लगाम धरून ठेवायचा आणि आतल्या पायाने हलकेच सांगायचं, हे मला वाळूने शिकवलं. वीस मीटरहून लहान वर्तुळं कोवळ्या सांध्यांवर घालू नका. काम वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, बस्स.

ती लगाम चावून डोकं झटकायला लागली तेव्हा मला वाटलं, हट्ट. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं: दुधाचा दात हलत होता. पाचव्या वर्षापर्यंत दात बदलतात. आधी तोंड, पाठ, खोगीर तपासा, मग स्वभावाला नावं ठेवा.

पावसाळ्यात वाळू बंद. वाडीत सुपारीच्या ओळींमधून तिला हाताने चालवते, आणि रोज खूर खरवडून कोरडे करते. खुराला कुबट वास आला की समजायचं, सडायला सुरुवात झाली.

गणपतीनंतर पहिल्यांदा कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगाची चाल, मागायचा आहे. नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो. कधी, म्हणून विचारलं तर काका म्हणाले, “तिथी बघून सांगतो.”