‘अ‍ॅप चालत नाही’ : होम ऑटोमेशनच्या सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

घराची सुरक्षा आणि ऑटोमेशन या धंद्यात नवीन मुलं-मुली बहुतेक दोन वाटांनी येतात. काही आयटीआय किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून केबल ओढायला आणि कॅमेरे लावायला लागलेली असतात, काही हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून आलेली. पहिल्यांना वायर कळते पण नेट कळत नाही, दुसऱ्यांचं बरोब्बर उलटं. मी पहिल्या वाटेचा. पुण्यात बरीच वर्षं साइटवर घातली, आता फोनवरून सपोर्ट बघतो. कॅमेरे दाखवणारं, सायरन चालू-बंद करणारं, दिवे आणि गीझर लांबून दाबणारं मोबाइलवरचं अ‍ॅप रुसलं की फोन आमच्याकडे येतो.

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते, ‘अ‍ॅप चालत नाही.’ त्या वाक्यावर विश्वास ठेवून कामाला लागू नका. ग्राहकाच्या बोटापासून त्याच्या घरातल्या दिव्यापर्यंत केवढा रस्ता आहे बघा : फोन, मोबाइल कंपनीचं नेटवर्क, बहुतेक वेळा उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर, मग इंटरनेटवाला, भिंतीवरचा फायबरचा डबा, राउटर, पॅनल (अलार्मची मुख्य पेटी) किंवा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर), आणि शेवटी झिगबी (छोट्या उपकरणांसाठीचं वायरलेस), वायफाय नाहीतर साध्या वायरीने जोडलेला सेन्सर किंवा रिले (दिवा चालू-बंद करणारा स्विच). यातलं काहीही बिघडलं तरी ग्राहकाला दिसतं ते फक्त अ‍ॅप. म्हणून नवीन मुलाचा हात आधी अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याकडे जातो, आणि तेवढ्याने भागलं नाही की पॅनलच्या रिसेट बटणाकडे. फॅक्टरी रिसेटइतकं नुकसान या धंद्यात दुसऱ्या कशाने होत नसेल. अलार्म पॅनल रिसेट केला की झोन (म्हणजे घराचे वेगवेगळे भाग), त्यांची नावं, यूजर कोड, जोडलेले वायरलेस सेन्सर सगळं पुसलं जातं. मग स्टूल घेऊन कपाटामागचा, माळ्यावरचा एकेक सेन्सर पुन्हा जोडत बसा. बिघाड नेटच्या बाजूला असेल तर तो एवढं करूनही जिथल्या तिथे.

तेव्हा दुरुस्ती नंतर. आधी रस्त्याचा कोणता तुकडा तुटलाय ते शोधायचं, आणि त्यासाठी एक चाचणी पुरते. ग्राहकाला घरातल्या वायफायवर अ‍ॅप उघडायला सांगा, मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच करायला सांगा. त्या फोनवर दोन्हीकडे चालत असेल आणि तक्रार दुसऱ्याच कुणाची असेल, तर दोष त्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्ये किंवा अकाउंटमध्ये. घरात चालतं पण बाहेरून नाही, तर पॅनल ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. दोन्हीकडे बंद, तर आधी राउटर आणि पॅनलचे दिवे बघायचे. एक पोटभेद मात्र लक्षात ठेवा. काही अ‍ॅप घरातसुद्धा कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालूनच चालतात, त्यामुळे इंटरनेट गेलं की हॉलमधला दिवाही हॉलमधून लागत नाही. आपण लावतो तो माल कोणत्या जातीचा आहे हे आधीच माहीत हवं.

कोथरूडच्या एका काकूंशी झालेलं बोलणं सांगतो. नवीन मुलांना मी हेच ऐकवतो.

‘काकू, तुमच्या फोनवर दाराचा कॅमेरा दिसतोय का?’

‘दिसतो की. आत्ता दूधवाला येऊन गेला, तोसुद्धा दिसला.’

‘मग अडचण कुणाला आहे?’

‘मुलाला. न्यूजर्सीहून काहीच दिसत नाही म्हणतो. रोज माझं डोकं खातोय.’

‘तुमच्या फोनचं वायफाय बंद करून बघता? मोबाइलच्या नेटवर.’

‘... नुसतं गोल फिरतंय.’

‘एवढ्यात नेट बदललंत का?’

‘छे, काही नाही बदललं.’ जरा थांबून, ‘ते फायबरवाले येऊन गेले तेवढंच. केबलवाल्याचं बंद केलं. हे स्वस्त पडतं म्हणे.’

‘काही बदललं का’ याला उत्तर नेहमी ‘नाही’ असंच येतं. म्हणून एकेक गोष्ट नाव घेऊन विचारायची : नेट, राउटर, वायफायचा पासवर्ड, फोन, मधे लाइट गेली होती का.

काकूंकडे झालं ते असं. जुन्या केबलवाल्याने त्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटचा पत्ता, दिला होता आणि आधीच्या माणसाने राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी थेट एनव्हीआरकडे पाठवायची सोय) करून ठेवलं होतं. नवी जोडणी सीजीनॅटच्या मागे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगभर अपुरे पडतात, म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवतात, यालाच सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा राखून ठेवला गेला. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, आयपी या पट्ट्यातला दिसला की समजायचं, बाहेरून आत येणारी वाट आपल्या हातात नाही. राउटरमध्ये पोर्ट कितीही बिनचूक उघडलंत तरी मधला मोठा दरवाजा इंटरनेटवाल्याकडे आहे. वॅनला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर प्रकार वेगळा : फायबरचा डबा स्वतःच राउटर होऊन बसलाय आणि त्याच्यामागे ग्राहकाचा दुसरा राउटर लावलाय. तो गुंता निदान घरातल्या घरात सोडवता येतो.

सीजीनॅटवर उपाय तीन. जादा पैसे भरून इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा पब्लिक पत्ता) घ्यायचा, उपकरणाची स्वतःची पीटूपी (कंपनीच्या सर्व्हरच्या मदतीने जोडून देणारी) सोय असेल तर ती चालू करायची, नाहीतर टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खाजगी बोगदा) टाकायचं. पहिला उपाय वगळता उरलेल्या दोन्हींत घरातलं उपकरण स्वतःहून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे आत यायला पोर्ट उघडावं लागत नाही. काकूंचा एनव्हीआर पीटूपीवाला निघाला. मेनूमध्ये ते चालू करायला लावलं, स्क्रीनवरच्या क्यूआर कोडचा फोटो मुलाला पाठवायला सांगितला, आणि काम झालं.

पोर्ट फॉरवर्डिंगबद्दल माझं मत कडक आहे. पब्लिक आयपी मिळत असला तरी डीव्हीआरचं (हाही कॅमेऱ्यांचा रेकॉर्डरच) पान सरळ इंटरनेटवर उघडं टाकू नये. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला ‘डाइन’ (Dyn) या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या, कंपनीवर त्यांच्याकडून एवढा मारा झाला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळत होत्या. तरी आजही साइटवर गेलं की अ‍ॅडमिन आणि एक-दोन-तीन-चार-पाच भेटतातच.

आता लाइटचं प्रकरण. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची सवय सगळ्यांना आहे, आणि गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ आमचे फोन वाजतात. कारण साधं आहे. लाइट आल्यावर राउटर नव्याने सुरू होतो, पत्ते नव्याने वाटतो, आणि काल १९२.१६८.१.२० वर असलेला एनव्हीआर आज २३ वर जाऊन बसतो. अ‍ॅपमध्ये जुना पत्ता टाकलेला असेल तर ते त्याला जुन्याच दारात शोधतं. उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या उपकरणाच्या मॅक अ‍ॅड्रेसवर (कारखान्यातून आलेल्या ओळख-क्रमांकावर) पत्ता राखून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम, पण साइट सोडताना नेमकं तेच राहतं.

याहून गंभीर गोष्ट इन्व्हर्टरची. राउटर हॉलमध्ये इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि फायबरचा डबा पॅसेजमध्ये साध्या प्लगवर, हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की मी आता गृहीतच धरतो. लाइट गेली की वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात, नेट मात्र मेलेलं. म्हणजे घर अंधारात असताना, ज्या वेळेसाठी ग्राहकाने पैसे मोजले त्याच वेळी, सुरक्षा यंत्रणा बाहेरच्या जगापासून तुटलेली. हँडओव्हरच्या दिवशी घरच्यांना विचारून मेन स्विच खाली पाडा आणि मोबाइल डेटावर अ‍ॅप उघडून दाखवा. विचारून म्हणतोय, कारण घरात कुणी आजारी माणूस ऑक्सिजन मशिनवर असू शकतो.

वायफायवरच्या स्मार्ट स्विचची तक्रार बहुधा राउटर बदलल्यावर येते. स्वस्त स्विचमधली चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते, तिला ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही. नव्या राउटरला जुन्याच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवला, की बहुतेक स्विच आपोआप परत येतात आणि वीस स्विच एकेक करून जोडायचे वाचतात. झिगबीचा हब राउटरला चिकटून ठेवला असेल तर दोन-तीन हात लांब सरकवा, दोघं एकाच पट्ट्यात बोलतात. आणि परदेशातला नातेवाईक प्रेमाने झेड-वेव्हचं (झिगबीसारख्याच दुसऱ्या एका वायरलेसचं) किट घेऊन आला असेल तर ते लावायच्या भानगडीत पडू नका. भारतात झेड-वेव्ह ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, अमेरिकेतलं ९०८ वर. इथल्या हबशी ते जुळणार नाही आणि त्या फ्रिक्वेन्सीला इथे परवानगीही नाही.

‘सायरन वाजला, पण फोनवर मेसेज तासाभराने आला.’ ही तक्रार मी सगळ्यात गंभीर धरतो. यात पॅनल क्वचितच दोषी असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे पडलेली अ‍ॅप झोपवली जातात. सेटिंगमध्ये जाऊन आपल्या अ‍ॅपला त्यातून वगळायचं, आणि चाचणी फोन हातात धरून घ्यायची नाही. स्क्रीन बंद करून फोन टेबलावर ठेवा, चहा होऊ द्या, मग दार उघडून सेन्सर वाजवा. तरीही ग्राहकाला स्पष्ट सांगा की नोटिफिकेशनच्या भरवशावर घर सोडायचं नसतं. सायरन नेटशिवाय वाजला पाहिजे, आणि जमत असेल तर सिमकार्डवरून कॉल जाणारी सोय वेगळी ठेवावी.

घड्याळ हे एक आडवळणाचं कारण. डीव्हीआरच्या बोर्डावरचा बटणासेल संपला की लाइट गेल्यावर तारीख थेट कित्येक वर्षं मागे जाते. मग रेकॉर्डिंग ‘हरवतं’, किंवा सर्व्हरचं सर्टिफिकेट अमान्य ठरून लॉगिनच होत नाही. पासवर्ड शंभरदा बदलण्याआधी तारीख बघा.

अकाउंटचा प्रश्न तांत्रिक कमी आणि माणसांचा जास्त. कॅमेरे लावणारा मुलगा घाईत स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नंबरने उपकरण नोंदवतो, ग्राहकाला नुसतं शेअर करतो आणि वर्षभरात नोकरी सोडून जातो. पुढे ग्राहकाने फोन बदलला की अ‍ॅप म्हणतं, हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. एका बंगल्यावर मालकीचं बिल, अनुक्रमांकाचा फोटो आणि मेलामेली करून कंपनीकडून ते सोडवून घ्यायला आठवडे गेले होते. मालकाचं खातं पहिल्या दिवसापासून मालकाच्याच नंबरवर हवं. फ्लॅट विकला किंवा भाडेकरू बदलला तर जुन्या लोकांची नावं काढली का, हेही आपणच आठवण करून विचारायचं. आपण लोकांच्या बैठकीच्या खोलीत बघू शकतो, हे विसरून चालत नाही.

लांबून मदत करताना स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं की हल्ली लोक बिचकतात, आणि ते बरोबरच आहे. अशा अ‍ॅपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०१९ मध्ये सावध केलं होतं. मी शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ कॉल करतो आणि फोन फायबरच्या डब्यासमोर धरायला सांगतो. पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा हिरवा आणि स्थिर आहे का, लॉसचा (सिग्नल गेल्याचा) लाल लुकलुकतोय का? लाल असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, इंटरनेटवाल्याला फोन लावा, आपलं काम संपलं. आजोबांना ‘वॅन आयपी’ विचारण्यापेक्षा ‘कोणता दिवा लाल आहे?’ विचारणं कधीही बरं.

शिकायचं कसं, तर घरी. एक जुना राउटर, एखादा कॅमेरा, दोन स्मार्ट प्लग आणि जमलं तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर. पिंग, ट्रेसर्ट, आयपीकॉन्फिग या नेटवर्क तपासायच्या कमांड हातात बसवा. मग मुद्दाम एकेक गोष्ट बिघडवा आणि अ‍ॅप काय म्हणतं ते वहीत लिहा : राउटर बंद केल्यावर काय, फक्त नेटची केबल काढल्यावर काय, पासवर्ड बदलल्यावर काय. ‘टाइम आउट’ आलं तर बहुधा मागणी उपकरणापर्यंत पोचलीच नाही, किंवा मधे कुठेतरी गिळली गेली. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पोचली, पण तिथली सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकलंय. ग्राहक फोनवर तो संदेश वाचून दाखवत असेल तेव्हा वहीतलं ते पान तुमच्यासमोर उघडं असायला हवं.