शोकांत कादंबरी उलटी वाचा: कळीची घटना शोधण्याची एक रीत

शोकांत कादंबरीवर लिहायचं असेल तर पुस्तक संपल्यावर पहिल्या पानाकडे जाऊ नका. शेवटच्या प्रकरणापासून मागे या. आमच्या वाचनगटात ‘एका घटनेने सगळं कसं बिघडलं’ यावर टिपण करायला सांगितलं की बहुतेक वह्यांत कथासारांश उतरतो. अमुक झालं, मग तमुक झालं, मग बिचारी मेली. सगळं बरोबर असतं, पण ‘कसं’चं उत्तर त्यात कुठेच नसतं.

एक कोरा कागद आडवा धरा आणि उजव्या टोकाला शेवट लिहा. टॉमस हार्डीची ‘टेस’ (१८९१) घेऊ, कारण तिच्यात साखळी स्पष्ट दिसते. उजवीकडे लिहा: टेसला फाशी. का? तिने ॲलेकचा खून केला. का? नवरा, म्हणजे एंजल, परत आला तेव्हा ती ॲलेकजवळ राहत होती; एंजल आता कधीच येणार नाही, असं ॲलेकने तिच्या मनावर बिंबवलं होतं. ॲलेकजवळ का गेली? वडील वारले, घर सुटलं, आई आणि भावंडं उघड्यावर आली. नवरा कुठे होता? लग्नाच्या रात्री तिची जुनी हकीकत ऐकून तो तिला टाकून ब्राझीलला निघून गेला होता. ती हकीकत ॲलेकचीच, त्याने तिची अब्रू घेतली त्याची. मग ॲलेकच्या घरी ती मुळात गेली कशाला?

इथे पेन्सिल खाली ठेवा आणि चौथं प्रकरण पुन्हा वाचा. बाप रात्री पिऊन पडलाय, म्हणून मधमाश्यांच्या पोळ्यांची गाडी घेऊन टेस पहाटेपूर्वी बाजाराला निघते. सोबत धाकटा भाऊ. वाटेत तिला डुलकी लागते आणि समोरून वेगात येणाऱ्या टपालगाडीचा दांडा घोड्याच्या छातीत घुसतो. ती जखमेवर हात दाबून धरते, रक्त थांबत नाही. घोडा गेला म्हणजे घराची कमाई गेली. घरात तिला कोणी फारसं बोलतही नाही. खुनी ठरवते ती स्वतःच स्वतःला. श्रीमंत नातेवाईक समजून ॲलेकच्या घरच्यांच्या दारात जायची आईची कल्पना तिला मुळीच पसंत नसते. पण घोडा आपल्यामुळे मेला, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे, असं म्हणून ती जाते.

कागदावर नुसतं ‘घोड्याचा मृत्यू’ लिहून पुढचा बाण काढू नका. मध्ये एक चौकोन हवा: अपराधीपणा. त्यापुढे: नकाराचा होकार झाला. हा मधला चौकोन बहुतेकांच्या टिपणात नसतो आणि त्यामुळे घटना आणि शेवट यांच्यात नुसता दोरा बांधल्यासारखा दिसतो. घोडा मेल्याने कुणी फासावर जात नाही. घोडा मेल्यानंतर तिला ‘नाही’ म्हणायचा हक्क उरला नाही असं वाटलं, आणि पुढे ते वाटणं पुन्हा पुन्हा तिच्या आड आलं. माझ्या मते कादंबरी त्या वाटण्यावर उभी आहे.

मागे किती जायचं, यावर गटात कडाक्याची भांडणं होतात. पहिल्याच प्रकरणात एक पाद्री टेसच्या बापाला वाटेत सहज सांगतो की तू जुन्या सरदार घराण्यातला आहेस. त्या खुशीत बाप प्यायला बसतो. मग सुरुवात तिथे का धरू नये? धरता येते. तरी माझा कौल असा, की मागे जाताना मुख्य पात्राची स्वतःची भीती, लाज किंवा हट्ट जिथे पहिल्यांदा गुंततो तिथे थांबावं. पाद्र्याच्या बोलण्याने बाप हलतो, टेस हलते ती घोड्यामुळे. तुम्हाला पाद्र्यापाशीच थांबायचं असेल तर खुशाल थांबा, पण मग तुमचा लेख टेसबद्दल राहणार नाही, घराण्याच्या मोठेपणाच्या खुळाबद्दल होईल. तसं ठरवून लिहा म्हणजे झालं.

दोन घटना सारख्याच वजनाच्या वाटल्या तर एकेक खोडून पाहायची. चिनुआ अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) मध्ये हा पेच छान येतो. इकेमेफुना हा भरपाई म्हणून दुसऱ्या गावाकडून आलेला मुलगा. तीन वर्षं तो कादंबरीचा नायक ओकोंक्वो याच्या घरी वाढतो, त्याला बाप म्हणतो. देववाणी होते की मुलाला मारा. गावातला वृद्ध एझेउडू ओकोंक्वोला बजावतो की तो तुला बाप म्हणतो, तू यात हात घालू नकोस. ओकोंक्वो तरी जातो, आणि मुलगा जीव वाचवायला त्याच्याकडेच धावत येतो तेव्हा, आपल्याला कोणी दुबळा म्हणेल या भीतीने त्याच्यावर घाव घालतो. ही पहिली घटना. दुसरी त्याच एझेउडूच्या अंत्यविधीत: ओकोंक्वोची बंदूक फुटते, एझेउडूचा सोळा वर्षांचा मुलगा मरतो, आणि ओकोंक्वोला सात वर्षं गावाबाहेर, आईच्या माहेरगावी काढावी लागतात.

आता बंदूक खोडा. गोरे मिशनरी आले तेव्हा तो गावात असता, त्याचा दरारा कायम असता. शेवटाची वाट नक्की बदलली असती. इकेमेफुना खोडा. हद्दपारी तरीही होते, मिशनरी तरीही येतात. एवढ्यावर निकाल बंदुकीच्या बाजूने लागतो आणि बरेच जण तिथे खूश होऊन थांबतात. पण चाचणी दुसऱ्यांदा लावा, या वेळी माणसाला. बंदूक फुटल्याने ओकोंक्वोचं राहण्याचं ठिकाण बदललं, तो स्वतः बदलला नाही आणि त्याच्याबद्दल आपल्याला नवीन काही कळलंही नाही. इकेमेफुनाला मारताना मात्र कळलं की भीती वाटली की हा माणूस आधी शस्त्र चालवतो. शेवटी तो सरकारी निरोप्याचं डोकं उडवतो तेही तसंच. गाव मागे उभं राहत नाही आणि तो गळफास घेतो. शिवाय त्याचा मुलगा न्वोये त्या हत्येनंतर आतून तुटतो आणि पुढे मिशनऱ्यांना जाऊन मिळतो. म्हणून मी इकेमेफुनाच्या बाजूने. बंदुकीच्या बाजूचा चांगला लेखही मी वाचलाय. त्यात अपघाताला अपघात म्हटलं होतं, ओढूनताणून पाप केलं नव्हतं.

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त एक साधी गोष्ट सांगून ठेवली आहे: एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडणं आणि दुसरीमुळे घडणं यात मोठा फरक आहे. तुमच्या कागदावरचा प्रत्येक बाण याच फरकावर तपासा. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’मधला (१९६३) नायक पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू वाचताना हात थांबतो, पण पांडुरंगचं पुढचं सगळं त्या मृत्यूमुळे घडलं असं मला म्हणता येत नाही. सर्वांत जास्त रडवणारं पान म्हणजे कळीची घटना, असं धरून चालू नका.

यानंतर परतीच्या वाटा मोजा. घटनेनंतर पात्राला मागे फिरायची संधी कुठे कुठे होती आणि ती का हुकली, हे कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात लिहा. हार्डीच्याच ‘द मेयर ऑफ कास्टरब्रिज’मध्ये (१८८६) हेंचर्ड दारूच्या नशेत जत्रेत बायकोला मुलीसकट पाच गिनींना एका खलाशाला विकून टाकतो. शुद्धीवर आल्यावर एकवीस वर्षं दारू सोडायची शपथ घेतो, मेहनतीने नगरपती होतो, बायको परत आल्यावर तिच्याशी पुन्हा लग्नही करतो. म्हणजे पहिल्या प्रकरणातलं पाप बऱ्यापैकी निस्तरलं जात होतं. तरीही पुढे खलाशी मुलीला शोधत येतो तेव्हा हा त्याला बेधडक सांगतो की ती मेली. अशा कादंबरीत पहिल्या घटनेवर तीन पानं लिहून त्या थापेवर एक ओळ लिहिली तर सगळं ओझं चुकीच्या खांद्यावर पडतं.

लेखकाचा हातही बघा. टेसने लग्नाआधी एंजलला सगळं लिहून कळवलं होतं; दाराखालून सरकवलेलं पत्र गालिच्याखाली गेलं. पहिल्यांदा वाचताना मला हे फार सोयीचं वाटलं होतं, अजूनही थोडं वाटतं. पण पत्र पोचलं नाही हे तिला लग्नाआधीच कळतं आणि ती सांगायचा प्रयत्न करते, तेव्हा तो टाळतो. योगायोगावर टीका करायची तर या जोडाकडे बघून करा.

लिहायला बसल्यावर पहिल्या वाक्यातच घटना, तिने पात्रात जागं केलेलं काहीतरी आणि शेवट, तिन्ही येऊ द्या. ‘घोड्याच्या मृत्यूने टेसला अपराधी केलं आणि त्या अपराधीपणाने तिला ॲलेकच्या दारात आणि शेवटी फासापर्यंत नेलं’, इतकं साधं चालेल. ‘नियती’ हा शब्द मसुद्यात आला की खाली रेघ मारा आणि तिथे कुणी काय ठरवलं ते लिहून पाहा. जमलं नाही तरच तो शब्द ठेवा. उतारे देताना घटनेच्या वर्णनापेक्षा तिच्या लगेच नंतरचे संवाद निवडा, कारण पात्र स्वतःला काय समजावतं ते तिथे सापडतं. आणि तुमच्या विरुद्ध बाजूची घटना, म्हणजे पाद्री किंवा बंदूक, तिला एक पूर्ण परिच्छेद द्या. तो शेवटी चिकटवू नका, मधेच घाला, म्हणजे त्याला उत्तर द्यायला जागा राहते.