पावसाळाभर लसूण टिकवायची असेल तर

बेळगाव-खानापूरकडचा पाऊस एकदा लागला की घरात मीठसुद्धा ओलं होतं, तिथं लसणीची काय कथा! म्हणून वर्षाची लसूण उन्हाळ्यातच, पातीसकट जुडी बघून घ्यावी. मानेशी दाबून बघा. मऊ लागली तर ती टिकणार नाही, आधी संपवायची. घरी आणल्यावर धुवू नका, मुळ्याही खरवडू नका. सावलीत, वाऱ्याला दोन-तीन आठवडे वाळवा, मग पातीची वेणी घालून स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगा. चुलीच्या अगदी डोक्यावर मात्र नको. पात नसेल तर बांबूची बुट्टी बरी. प्लास्टिकच्या पिशवीत आठ दिवसांत बुरशी धरते. दर पंधरवड्याला हात फिरवून पोकळ लागणारे गड्डे काढून टाकायचे.

अख्खे गड्डे फ्रिजमध्ये ठेवू नका, त्या थंडीत कोंब लवकर फुटतात. सोललेल्या पाकळ्या मात्र डब्यात घट्ट बंद करून फ्रीझरला टाकल्या की काही महिने चालतात. थोड्या मऊ पडतात, फोडणीला काय फरक पडतो?

एक गोष्ट अजिबात करू नका: कच्ची लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवणं. तेलाखाली हवा नसते, तिथं बोट्युलिझमचे (एक जीवघेणी विषबाधा) जंतू वाढतात, आणि वासाने किंवा चवीने ते कळत नाही. केलंच तर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. व्हिनेगरमध्ये घातलेली लसूण कधी हिरवी-निळी होते, ती खायला चालते.