घरी गाणं रेकॉर्ड करताना केबलच्या या चुका टाळा

टेक झाला, म्हणजे गाणं एकदा रेकॉर्ड करून झालं, ऐकायला बसलो आणि मध्येच खरखर, नाहीतर मागे सतत घूं असा आवाज, की पहिला संशय जातो माईकवर नाहीतर ऑडिओ इंटरफेसवर (माईक, गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा). नवीन इंटरफेस घ्यावा का इथपर्यंत गाडी जाते. माझं म्हणणं आहे आधी खाली जमिनीवर बघा. घरच्या सेटअपमध्ये सगळ्यात जास्त ओढली, तुडवली, वाकवली जाते ती केबल आणि सगळ्यात कमी लक्ष असतं तेही तिच्याकडेच.

हेडफोनची केबल पुढून लोंबत ठेवणं ही चूक जवळजवळ सगळेच करतात. गाताना ती छातीवरून खाली येते, मान हलली की बटणाला घासते, माईकच्या स्टँडला लागते, आणि स्टँडला लागलेली बारीकशी टकटक कंडेन्सर माईक अगदी इमानदारीत उचलतो. अकूस्टिक गिटार वाजवत असाल तर केबल गिटारच्या लाकडावर पडते आणि हात फिरला की टिक टिक वाजते, वाजवताना हे कळत नाही कारण कानात ट्रॅक चालू असतो, कळतं ते नंतर, चांगला जमलेला टेक सोलो करून, म्हणजे एकटाच, ऐकताना. उपाय साधा आहे, केबल पाठीवरून खाली सोडा, कॉलरला मागे एक क्लिप लावा आणि क्लिपच्या वर मान दोन्हीकडे वळेल एवढी ढील ठेवा. केबल लांब असेल तर उरलेली खुर्चीच्या चाकाखाली येणार नाही अशी बाजूला घ्या, चाकाखाली चिरडलेली केबल बाहेरून ठीक दिसते पण आतली तार तुटत आलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ३.५ मिमीच्या पिनवर चढवलेला तो ६.३५ मिमीचा मोठा अडॅप्टर. आटे थोडे जरी ढिले झाले तरी एका कानाचा आवाज जातो येतो, आणि माणूस हेडफोन खराब झाला असं समजून बसतो. तो आधी घट्ट फिरवून बघा. लहान सॉकेटमध्ये उलटा, म्हणजे मोठी पिन लहान सॉकेटला जोडणारा, लांब आणि जड अडॅप्टर लटकवायचा असेल तर कडक एकसंध प्रकार घेऊ नका, थोडी वायर असलेला घ्या, कारण कडक अडॅप्टरला धक्का लागला की सगळा जोर सॉकेटवर येतो आणि मग दुरुस्ती केबलची नाही, इंटरफेसची.

आता एक लक्षण सांगतो जे ओळखता आलं की बराच वेळ वाचतो. हेडफोनमध्ये गाणं वाजतंय, पण गायकाचा आवाज गायब किंवा लांब विहिरीतून आल्यासारखा, आणि रिव्हर्ब (मागचा घुमणारा आवाज) मात्र स्पष्ट. हे मिक्सचं काम नाही. हेडफोनच्या पिनला तीन भाग असतात, टोक डाव्या कानाचं, मधली रिंग उजव्या कानाची आणि मागचा भाग दोघांचा कॉमन ग्राउंड. हा ग्राउंड सुटला की दोन्ही कानांना फक्त डाव्या उजव्यातला फरक ऐकू येतो, आणि जे मध्यभागी ठेवलेलं असतं, म्हणजे बहुतेक वेळा मुख्य गायन, ते एकमेकांना खोडून टाकतं. पिन पूर्ण आत ढकलून बघा, तरी आवाज नीट आला नाही तर पिनच्या गळ्यापाशी वायर तुटली आहे असं समजा.

याच कारणाने कीबोर्डवाले फसतात. बऱ्याच कीबोर्डला वेगळं लाइन आउट (आवाज दुसऱ्या उपकरणाला द्यायचं सॉकेट) नसतं, फक्त हेडफोनचं आउटपुट असतं, मग दोन्हीकडे टीआरएस, म्हणजे अशीच तीन भागांची पिन, असलेली केबल घेऊन ती सरळ इंटरफेसच्या एका इनपुटला लावली जाते. पिन बसते, आवाजही येतो, पण तो पोकळ येतो. कारण हेडफोन आउटपुटमधून निघतो स्टिरिओ आणि इंटरफेसचं बॅलन्स्ड इनपुट त्याच टोकाला आणि रिंगला एकाच सिग्नलचे सुलट आणि उलट भाग समजून त्यांची वजाबाकी करतं. इथे पाहिजे ती वाय केबल, एका बाजूला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पिना, आणि त्या दोन वेगवेगळ्या लाइन इनपुटला लावायच्या.

इलेक्ट्रिक गिटारचं उलट आहे. तिला लाइन इनपुट चालत नाही, इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झेड असं बटण असतं ते दाबायचं, नाही दाबलं तर आवाज दबलेला आणि निर्जीव येतो आणि मग माणूस गेन (आत येणारा सिग्नल मोठा करायचं बटण) वाढवत बसतो. केबलची लांबीही इथे ऐकू येते. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपच्या, म्हणजे तारांचा कंप उचलणाऱ्या भागाच्या, गिटारला केबलची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायचा गुण) खूप जाणवते, साधारण मीटरमागे १०० पिकोफॅरड धरा, म्हणजे केबल जेवढी लांब तेवढी वरची चमक कमी. टेबलाशेजारी बसून वाजवणाऱ्याला ३ मीटर भरपूर झाली. स्टेजसाठी घेतलेली १० मीटरची केबल घरी वापरून वर तिचं भेंडोळं पॉवर अडॅप्टरशेजारी टाकून ठेवणं, यात दोन चुका एकदम होतात.

आणि दिसायला सारखी पिन आहे म्हणून स्पीकरची केबल गिटारला लावू नका. तिच्यात शील्ड (बाहेरचा गोंगाट अडवणारं आवरण) नसते, खोलीतला सगळा गोंगाट ती आत घेते. गिटारची केबल अँपपासून स्पीकर कॅबिनेटपर्यंत लावणं तर त्याहून वाईट, आतली तार बारीक असते, ती तापू शकते आणि अँपला मार बसतो.

पॉवरच्या वायरी आणि ऑडिओच्या केबल एकत्र छान बांधून ठेवणं, हे दिसायला नीटनेटकं वाटतं म्हणून लोक हौसेने करतात. करू नका. पॉवर एका बाजूने, ऑडिओ दुसऱ्या बाजूने, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा, समांतर पळवू नका.

घूं आवाज येतोय तर तो कुठून येतोय हे एका वेळी एकच गोष्ट बदलून शोधा. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा, घूं बंद झाला तर तो पिकअपमधून येतोय, वाजवायच्या जागी बसल्या बसल्या गिटार थोडी फिरवा, स्क्रीनपासून आणि पॉवर अडॅप्टरपासून लांब सरका, सिंगल कॉइल (एकाच तारेच्या गुंडाळीच्या) पिकअपला एवढ्यानेही बराच फरक पडतो. शून्य करूनही चालूच असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. लगेच शांत झालं तर तो ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेलं वर्तुळ), मग सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, तरी राहिलं तर ग्राउंड लिफ्ट (ऑडिओ केबलमधला ग्राउंड तोडायचं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे गिटार आणि इंटरफेसच्या मधे लावायचा छोटा डबा, लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, ती जीव वाचवायला असते. माईकला ओठ किंवा तारांना हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

खरखर मात्र वेगळी. हेडफोन कानावरून काढा, आवाज कमी करा आणि केबलचं एकेक टोक पिनच्या गळ्यापाशी हळू वाकवून बघा. जिथे हलवल्यावर खरखर होते तिथेच दोष, बहुतेक केबलचं आयुष्य तिथेच संपतं असं म्हटलं तरी चालेल. मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) असेल तर अजून पक्कं होतं, मोनो केबलमध्ये टोकाला टोक आणि मागच्या भागाला मागचा भाग लावल्यावर बीप आला पाहिजे, टोक आणि मागच्या भागात बीप आला तर आत शॉर्ट आहे. स्क्रूने उघडणारी पिन असेल तर दोन इंच केबल कापून नव्याने सोल्डर करता येते, साच्यात ओतलेली असेल तर ते टोक कापून नवी पिन लावायची.

गुंडाळण्याबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे. कोपर आणि अंगठ्यात घट्ट गुंडाळलं की प्रत्येक वेढ्याला केबलला एक पीळ पडतो, तो साठत जातो आणि पुढच्या वेळी केबल सापासारखी वेटोळी होऊन पडते, आतली शील्ड पण हळूहळू तुटते. त्यापेक्षा एक वेढा सरळ आणि पुढचा मनगट आत वळवून उलटा घ्या, पीळ आपोआप सुटत जातो. फक्त सोडताना टोक वेढ्यांमधून जाऊ देऊ नका, नाहीतर ओळीने गाठी पडतात. बांधायला वेल्क्रोची पट्टी, झिप टाय नको, तो आवळला की केबल चेपते.

प्लग काढायच्या आधी त्या चॅनलचा गेन आणि हेडफोनचा आवाज खाली आणा, माईकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (इंटरफेसकडून केबलमधून माईकला जाणारी वीज) चालू असेल तर तो बंद करून थोडा वेळ थांबा, आणि काढताना पिनला धरून काढा, वायरला ओढून नाही. केबलच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप गुंडाळून ठेवलीत तर टेबलामागे हात घालून चुकीचा प्लग ओढायची वेळही येत नाही.