गणपतीच्या पेनड्राइव्हसाठी गाणी रीतसर कशी घ्यावीत, आणि न घेतल्यास शिक्षा किती

चतुर्थी जवळ आली की सावंतवाडी-कुडाळपासून चिपळूणपर्यंतच्या मोबाइल दुकानांत एक ठरलेले काम वाढते, ते म्हणजे पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड ‘भरून’ देण्याचे. दुकानदार संगणकावरचे आरत्या, भजने, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) असे फोल्डर उघडतो, गिऱ्हाईक बोट दाखवते आणि किरकोळ पैशांत सगळे उतरवून मिळते. या व्यवहारात चोरी केल्यासारखे कोणालाच वाटत नाही. कायद्याच्या लेखी मात्र दुकानदार मोठ्या शिक्षेस पात्र ठरू शकतो, म्हणून गाणी कुठून घ्यावीत हे पाहण्याआधी ती शिक्षा समजून घ्यावी.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास किंवा त्याला साहाय्य करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. पुन्हा दोषी ठरल्यास कैदेची किमान मर्यादा एक वर्षावर आणि दंडाची १ लाखावर जाते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात दिला. म्हणजे पोलिसांना वॉरंटाची गरज नाही आणि जामीन न्यायालयाच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

ही शिक्षा न्याय्य आहे का? भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षेच आहे, परंतु पहिल्या गुन्ह्याला किमान कैदेची अट नाही. शिवाय चोरलेला माल ५ हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, तो किंवा त्याची किंमत परत केली असेल आणि आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल, तर सामुदायिक सेवेवर भागते. कोणाच्या बागेतून हापूसची एखादी पेटी पळवणाऱ्याला जी पायरी उपलब्ध आहे, ती गाण्यांचे कार्ड भरून देणाऱ्याला नाही. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास ‘पुरेशी आणि विशेष कारणे’ नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभा कलम ६३ मध्येच आहे. पण दुकानदार थोडे का होईना पैसे घेतो, त्यामुळे त्याला तिचा आधार मिळणे कठीण. हजारो बनावट सीडी छापणारा आणि हा दुकानदार यांना एकाच किमान शिक्षेखाली आणणे मला पटत नाही, मात्र दुसऱ्याच्या कामावर पैसे कमावणाऱ्याला दंडच नसावा, असेही म्हणता येणार नाही. अमेरिकेत तर भरपाईच्या दिवाणी दाव्यातही तोल सुटल्याचे दिसते: २४ गाण्यांसाठी जेमी थॉमस-रॅसेट यांच्यावर २००९ मध्ये ज्यूरीने १९ लाख २० हजार डॉलर लादले होते, ते अपिलानंतर २ लाख २२ हजारांवर आले.

आता काय चालते ते पाहू. कलम ५२ खासगी वापरासाठी उचित वापराची मुभा देते, त्यामुळे स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरची गाणी घरच्या पेनड्राइव्हवर घेण्यास सहसा अडचण येऊ नये. अनधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइलला मात्र हीच ढाल पुरेल असे गृहीत धरू नये. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गाणे वाजवण्यासही सूट आहे. ती सूट वाजवण्यापुरती आहे, प्रत बनवून विकण्याला लागू नाही, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

विकत घ्यायचे तर आधी गाणी कशावर वाजवायची ते ठरवावे. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक यांची वर्गणी भरून ‘डाउनलोड’ केलेली गाणी त्या ॲपच्या आतच राहतात. ती पेनड्राइव्हवर जात नाहीत आणि वर्गणी थांबली की बंद होतात. गावी रेंज जाते तेव्हा ती उपयोगी पडतात, पण मंडपातल्या जुन्या ॲम्प्लिफायरला त्यांचा उपयोग नाही. कायमची फाइल हवी असल्यास आयट्यून्स स्टोअर पाहावे. तिथली फाइल एएसी प्रकारची असल्याने जुन्या यंत्रासाठी एमपी३ करून घ्यावी लागते. स्वतंत्र कलाकारांची गाणी बँडकॅम्पवर थेट एमपी३ स्वरूपात मिळतात. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचे गाणी विकणारे दुकान काढले होते, ते २०१३ मध्येच बंद झाले, आणि तेव्हापासून देशी पर्याय तोकडेच राहिले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी सारेगामाचा कारवाँ हा संगीत प्लेअर सोयीचा, कारण त्यात गाणी आधीच भरलेली असतात.

डबलबारीची गोष्ट वेगळी आहे. दोन बुवांच्या सामन्यातले अभंग संतांचे असतात आणि ते सर्वांना मोकळे असतात, पण त्या रात्रीचे गायन, एखादा नव्याने रचलेला गजर आणि झालेले ध्वनिमुद्रण यांवर हक्क राहतात. गायक-वादकांचा हक्क ५० वर्षे टिकतो. स्वतः ऐकण्यापुरते मोबाइलवर मुद्रण करण्यास कायदा आडवा येत नाही, परंतु तेच यूट्यूब चॅनेलवर चढवायचे किंवा कार्डात भरून विकायचे असेल तर बुवांची परवानगी लागते. यासाठी सामना संपल्यावर बुवांना किंवा त्यांच्या मंडळाला भेटावे, त्यांची अधिकृत सीडी किंवा पेनड्राइव्ह आहे का ते विचारावे आणि नसल्यास रक्कम ठरवून, कोणत्या तारखेची बारी, किती प्रती आणि चॅनेलवर टाकायची की नाही, एवढे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. वादक आणि कोरसची संमती बुवांनीच घेतली आहे का, हेही त्याच कागदावर नोंदवून घ्यावे.