रॅम 4 जीबी, तरी 'लो ऑन मेमरी': माझा अनुभव

विंडोज 10. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की 'युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी', आणि एक्सेल बंद. टेम्प फाइल्स उडवल्या, व्हायरस स्कॅन केला, स्टार्टअपचे प्रोग्रॅम कमी केले, फरक शून्य. दोन आठवडे डोक्याला ताप.

खरी खूण टास्क मॅनेजरमध्ये होती. परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'कमिटेड' (प्रोग्रॅम्सना दिलेली मेमरी / एकूण मर्यादा) 3.7/3.9 जीबी. मर्यादा जवळपास रॅमइतकीच, म्हणजे पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की विंडोज मेमरीसारखी वापरतं ती डिस्कवरची फाइल) बंद. (डिस्कवर जागा हवी म्हणून मीच कधीतरी बंद केली होती!)

आधी या फाइलला जागा म्हणून सी ड्राइव्हवर 10 जीबी मोकळे केले. स्टार्टमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज' शोधलं. परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, व्हर्च्युअल मेमरीतलं चेंज. सगळ्यात वरच्या 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वर टिक, ओके, रीस्टार्ट. रीस्टार्ट टाळू नका. आता मर्यादा 6 जीबीच्या पुढे दिसते. मशीन थोडं मंदावतं, पण एक्सेल बंद पडत नाही.