कमेंट्स आणि इंडेंटेशन: कोड लिहिताना या चुका टाळा

कंपायलर कमेंट्स (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा) गाळूनच टाकतो आणि इंडेंटेशनचं (ओळी आत सरकवून लिहिण्याचं) म्हणाल तर सी किंवा जावामध्ये तुम्ही कोड कितीही वेडावाकडा लिहिला तरी तो चालतो, त्यामुळे शिकणारे बरेच जण विचारतात की मग यात वेळ कशाला घालवायचा. कारण बग शोधताना माणूस डोळ्यांनी कोड वाचतो आणि दिसतं त्यावर विश्वास ठेवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे इफच्या पुढे ब्रॅकेट न टाकणं. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलला आयफोनसाठी घाईघाईत अपडेट काढावा लागला होता तो यामुळेच. एसएसएलच्या (सुरक्षित इंटरनेट कनेक्शनच्या) कोडमध्ये इफच्या खाली 'गोटू फेल' (म्हणजे थेट 'फेल' नावाच्या शेवटच्या भागात उडी मार) ही ओळ चुकून दोनदा आली होती, दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या, त्यामुळे बघणाऱ्याला वाटणार की दोन्ही इफच्याच आहेत, पण ब्रॅकेट नव्हते म्हणून इफच्या ताब्यात फक्त पहिली, दुसरी कायमच चालायची आणि त्यापुढची सही तपासण्याची पायरी गाळली जायची. एरर व्हेरिएबलमध्ये तोवर शून्यच असायचं, म्हणजे सगळं ठीक! त्यामुळे एका ओळीचा इफ असला तरी ब्रॅकेट टाकाच. जीसीसी या सी कंपायलरमध्ये आवृत्ती ६ पासून -Wall पर्याय लावला की अशा फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंगही मिळते, वॉर्निंग्स बंद करून काम करू नका.

पायथॉनमध्ये तर इंडेंटेशन हाच कोडचा भाग आहे. टॅब एरर आला तर समजा टॅब आणि स्पेस मिसळलेत, एडिटरमध्ये व्हाइटस्पेस दाखवायचा पर्याय चालू करा, लगेच दिसेल, मग सगळीकडे ४ स्पेस करून टाका. जावास्क्रिप्टमध्ये रिटर्न लिहून एंटर मारला आणि ऑब्जेक्टचा कंस खालच्या ओळीवर घेतला की फंक्शन गुपचूप अनडिफाइंड परत देऊ शकतं, कारण रिटर्ननंतर सेमिकोलन आपोआप लागतो. कंस रिटर्नच्याच ओळीवर ठेवा.

आता कमेंट्स. 'आय मध्ये १ मिळवा' असली कमेंट नकोच, ते कोडमध्ये दिसतंच आहे. का केलंय ते लिहा: 'सर्व्हर पहिल्या कॉलला कधीकधी रिकामं उत्तर देतो म्हणून दोनदा विचारतोय'. हे नसेल तर पुढचा माणूस तो दुसरा कॉल फालतू समजून काढून टाकणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

जुनी झालेली कमेंट मात्र नसलेल्या कमेंटपेक्षा वाईट. वर लिहिलंय '३० सेकंद थांबा' आणि खाली आकडा ५, आता खरं काय? अशा वेळी गिट ब्लेम (प्रत्येक ओळ शेवटी कोणी, कधी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) लावून कोणती ओळ नंतर बदलली ते बघा आणि त्या कमिटचा (गिटमधल्या बदलाच्या नोंदीचा) मेसेज वाचा, बहुतेकदा उत्तर तिथेच असतं. कोड बदलला की वरची कमेंट त्याच कमिटमध्ये बदलायची, नंतर करू म्हटलं की राहिलंच.

फॉरमॅटिंग हाताने करत बसू नका, ब्लॅक (पायथॉन), प्रेटियर (जावास्क्रिप्ट), गोफमट (गो) यांपैकी तुमच्या भाषेचं टूल लावा आणि टीममधला वाद मिटवा. मात्र बग फिक्स आणि अख्ख्या फाइलचं फॉरमॅटिंग एकाच कमिटमध्ये घालू नका, रिव्ह्यू करणाऱ्याला शेकडो बदललेल्या ओळींत खरा बदल सापडत नाही. फॉरमॅटिंगची कमिट वेगळी ठेवली की गिट २.२३ पासून ब्लेममध्ये ती वगळताही येते.